निपाणीत सांगितलेला हॉलंडचा तट

व्याख्यानमालेच्या चिटणिसांचा तिसरा फोन आला तेव्हा माझा पारा चढला. म्हटलं, "अहो, हॉलंडमधल्या त्या गावाचा आणि आपल्या सीमाप्रश्नाचा काडीचाही संबंध नाही." ते अगदी शांतपणे म्हणाले, "त्यो तुम्ही लावायचा की सर. शेवटची धा मिनिटं. आमच्यात तशी पद्धतच हाय."

पद्धत आहे हे मला चांगलं ठाऊक होतं. निपाणीच्या त्या व्याख्यानमालेत विषय कुठलाही असो, गाडी शेवटी सीमेवर येऊनच थांबते. एका वर्षी मधुमेहावर बोलायला एक डॉक्टर आले होते. साखर, इन्सुलिन, पायाच्या जखमा, सगळं सांगून झाल्यावर त्यांनीही सीमाप्रश्नाला दहा मिनिटं दिली आणि सगळ्यात जास्त टाळ्या त्या दहा मिनिटांनाच पडल्या. मी हसतो या गोष्टीला, पण फार वेळ हसता येत नाही. या प्रश्नानं माझ्या घरात काय केलं ते मी बघितलेलं आहे.

मी निमंत्रण घेतलं ते भाषणाच्या हौसेनं नव्हे. पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर म्हणून जन्म गेला. कालव्याचे बांध, मोऱ्या, दरवाजे यांच्यापलीकडे मी कधी कुणासमोर बोललो नाही. पण निपाणी हे माझ्या थोरल्या भावाचं, अण्णांचं गाव. व्याख्यानमालेत पहिल्या रांगेतली डावीकडून दुसरी खुर्ची त्यांची. तंबाखूच्या वखारीत दिवाणजी होते तेव्हापासूनची. सीमालढ्यात दोनदा तुरुंगात जाऊन आलेला माणूस, त्या खुर्चीवर दुसरं कोण बसणार! आणि अण्णांची ख्याती अशी की वक्ता कितीही रटाळ असो, ते भाषण संपल्याशिवाय उठत नाहीत. उठणं हा वक्त्याचा अपमान, असं त्यांचं मत. माझ्या घरी ते तीस वर्षांत आलेले नाहीत. लग्नकार्यात भेटले तर "बरं हाय न्हवं?" एवढं विचारून दुसऱ्याकडे वळतात. मला त्यांना एक गोष्ट सांगायची होती आणि ती ऐकायला ते कधी थांबले नव्हते. व्याख्यानात मात्र त्यांना थांबावंच लागणार होतं. पूर्ण एक तास.

ती गोष्ट अशी. माझी मुलगी सहा वर्षांची असताना खात्यानं माझी बदली विजापूरकडच्या एका कालव्यावर केली. कॉलनीतली शाळा कन्नड. मराठी शाळा पन्नास मैलांत नव्हती. अण्णांचं कार्ड आलं, "पोरीला इकडं ठेव. मराठी शाळा बोळाच्या तोंडाशी आहे." दोनच वाक्यं, खाली सही. मला तो हुकूम वाटला. हेही वाटलं की, यांना पोर नको आहे, यांना लढ्यासाठी एक विद्यार्थी हवाय. बायको तर पोरीला सोडायला तयारच नव्हती. मी कार्डाला उत्तर दिलं नाही आणि जूनमध्ये मुलीचं नाव कन्नड शाळेत घातलं. अण्णांना ते कळलं एका पाहुण्याकडून, कुणाच्या तरी बारशात. तेव्हापासून आमचं जे तुटलं ते तुटलं.

तीच मुलगी आता नवऱ्याबरोबर हॉलंडमध्ये राहते. गेल्या उन्हाळ्यात मी तिच्याकडे तीन महिने होतो. नदीकाठी एक लहानसं जुनं गाव, सगळ्या बाजूंनी तट आणि खंदक. तिनं फोनवर "पप्पा, आमच्या गावाला कोट आहे" म्हणून सांगितलं तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर आपला बेळगावचा किल्ला आला. काळा दगड, रुंद खंदक, आत देऊळ, जैन बस्ती, मशीद, लष्कर. प्रत्यक्षात बघतो तर मातीचा वरंबा! उतार छान धरलेला, वर हिरवंगार गवत, गवतावर मेंढ्या चरताहेत. मी म्हटलं, "हा तट? हा तर बांध आहे." मुलगी हसत सुटली. पण मी काही चूक बोललो नव्हतो. दगडाच्या भिंतीवर तोफेचा गोळा बसला की भिंत फुटते, मातीत बसला की रुतून बसतो. म्हणून त्या लोकांनी मातीच रचली आणि गावाभोवती चांदणीसारखे कोपरे काढले. हे मला तिथल्या वाटाड्यानं सांगितलं.

हा वाटाड्या म्हणजे गावातला एक निवृत्त माणूस. वय माझ्याहून पाचसात वर्षांनी जास्त, उंच, वाकलेला. फुकट गाव दाखवायचा. त्याचंही इंग्रजी शिकलेलं, माझंही शिकलेलं, त्यामुळे आमचं चांगलं जमलं. पहिल्याच दिवशी मी तटावर चढण्याआधी वाकून मातीला हात लावला आणि तो कपाळाला लावला. रायगडावर काय, पन्हाळ्यावर काय, आपण लावतोच. तो बघत राहिला.

मी वही घेऊन गेलो होतो. पहिल्या पानावर लिहिलं, "मूळ मालक." आणि त्याला विचारलं, हे गाव मुळात कुणाचं?

त्यानं सांगितलं, आधी इथं एका सरदाराची गढी होती. गाव बरोबर दोन मोठ्या जहागिरींच्या हद्दीवर, त्यामुळे कधी या बाजूचा सरदार घ्यायचा, कधी त्या बाजूचा. हद्दीवरचं गाव म्हटल्यावर माझे कान टवकारले. म्हटलं, ते झालं, पण मुळात कुणाचं? तो म्हणाला, पुढं स्पेनच्या राजाविरुद्ध बंड झालं, गाव बंडखोरांकडे गेलं. तटाबाहेरची घरं आणि एक मठ गावकऱ्यांनीच पाडला, शत्रूला आडोसा मिळू नये म्हणून. मग हे कोपरे उभे राहिले. सैनिकांची शिबंदी आली, ती लोकांच्याच घरात राहायची. माडीवर शिपाई, खाली घरमालक. एका पावसाळी दिवशी तोफांच्या दारूच्या कोठारावर वीज पडली आणि अर्धं गाव उडालं. त्यानंतर कधीतरी फ्रेंच आले, गेलेही. मी सगळं लिहून घेत होतो आणि प्रत्येक पानाच्या शेवटी विचारत होतो, मग खरं गाव कुणाचं?

मुलगी बरोबर होती. तिला सहन होईना. मला बाजूला घेऊन म्हणाली, "पप्पा, सारखं कुणाचं, कुणाचं काय विचारताय? त्यांना कळतच नाहीये तुम्हाला काय पायजे ते."

खरंच कळत नव्हतं. पाचव्यांदा विचारल्यावर म्हातारा जरा त्रासला. म्हणाला, "मुळात म्हणाल तर इथं पाणी होतं. दलदल. मुळातलं काही हवं असेल तर बेडकांना विचारा."

मला राग आला. आमच्याकडे शेंबडं पोरसुद्धा सांगेल अमुक गाव मुळात कुणाचं, आणि दोन पोरं असतील तर दोन उत्तरं देतील, पण देतील तरी. हा एवढा इतिहास सांगतो आणि मुद्द्यावर आला की बेडूक! पण रात्री अंथरुणावर पडल्यावर मला माझीच लाज वाटली. साठ वर्षं ज्या प्रश्नानं माझं डोकं उठवलं तोच प्रश्न मी विमानात बसवून तिथवर नेला होता.

खरा धक्का दुसऱ्या आठवड्यात बसला. तिथल्या छोट्या संग्रहालयात एका भिंतीवर दोन फोटो शेजारी शेजारी होते. पहिल्यात वीसपंचवीस माणसं फावडी आणि एकचाकी गाडे घेऊन उभी. पाठीमागे तट अर्धा खणलेला. तोफा सुधारल्या, तट निकामी झाला, सैन्य निघून गेलं, मग नगरपालिकेनं तो पाडायला काढला. माती खंदकात लोटली, पायाच्या विटा लोकांनी घरांना वापरल्या, सपाट जागेवर बटाटे लावले. दुसऱ्या फोटोतही माणसं आणि फावडी, फक्त कपडे नवीन आणि मागं एक यंत्र. जुन्या नकाशावरून तट परत उभा करताना काढलेला. म्हातारा दुसऱ्या फोटोतल्या एका पोरगेल्या माणसावर बोट ठेवून म्हणाला, "हा मी." मग पहिल्या फोटोवर बोट नेलं, "हे माझे आजोबा."

म्हणजे मी ज्या मातीला हात लावून कपाळाला लावला होता ती या माणसानं तरुणपणी गाड्यावर वाहून आणलेली होती. तट माझ्यापेक्षा धाकटा! पस्तीस वर्षं बांधांवर फिरलो. उतार एकसारखा आहे, कुठं माती खचलेली नाही, कुठं जुनी भर दिसत नाही, हे पहिल्या दिवशीच माझ्या लक्षात यायला हवं होतं. फसवलं गेल्यासारखं झालं. मी जरा तिरकसपणेच विचारलं, "आजोबांनी पाडलेलं तुम्ही परत बांधलंत, तुम्हाला त्यांचा राग नाही आला?"

त्याला हाही प्रश्न कळला नाही. म्हणाला, "राग कशाचा? त्यांच्या वेळी गावात काम नव्हतं. पाडायची मजुरी मिळत होती, त्यांनी पाडलं. माझ्या वेळी बांधायची मिळत होती, मी बांधलं. आजी सांगायची, त्या हिवाळ्यात त्या मजुरीवर पाच पोरं जगली."

मी त्या दोन फोटोंसमोर बराच वेळ उभा राहिलो. आमच्याकडे असतं तर? पाडणाऱ्याला फितूर म्हटलं असतं आणि बांधणाऱ्याचा पुतळा. मला एकदम अण्णा आठवले. वाटलं, हे त्यांना सांगितलं पाहिजे. असंच सांगायचं, कन्नड शाळेचं नावही न काढता. एका माणसानं पोटासाठी आणि पोरांसाठी तट पाडला, त्यात त्याचं गाव बुडालं नाही आणि त्याचा नातू त्याला शिव्या देत नाही. अण्णा हुशार आहेत, ते ओळखतील. मी दोन्ही फोटोंचे फोटो काढून घेतले.

तर त्यासाठी मी निपाणीला उभा राहणार होतो. एस.टी.नं गेलो. हायवेचं काम अजून संपलेलं नाही, संकेश्वरपर्यंत कंबर ढिली झाली. वाटभर कागद उघडून वाचत होतो. पन्नास मिनिटांचं भाषण, त्यातली शेवटची पंधरा आजोबा आणि नातवासाठी राखलेली.

सभागृहाबाहेरचा फळा बघितला आणि चिटणिसांना गाठलं. मी विषय कळवला होता, "हॉलंडमधील एका जुन्या तटबंदीच्या गावाचा इतिहास." फळ्यावर खडूनं लिहिलं होतं, "परकीयांशी झुंजणारा सीमेवरील बुलंद किल्ला!" चिटणीस म्हणाले, "तुमच्या विषयाला माणसं आली नसती सर." प्रोजेक्टर होता, पण त्याला जोडायची वायर मागच्या वर्षीच्या वक्त्यानं चुकून नेलेली. "फोटो ग्रुपवर टाकूया की," ते म्हणाले. पहिल्या रांगेतल्या माणसांकडे बघितलं. त्यातल्या निम्म्यांच्या खिशात बटणांचा फोन होता.

अण्णा आले होते. डावीकडून दुसरी खुर्ची. पांढरा शर्ट, धोतर, हातात छत्री. माझ्याकडे बघून त्यांनी मान हलवली, इतर वक्त्यांना हलवत असतील तेवढीच.

मग दीपप्रज्वलन. वारा होता, समई लागेना. मग स्वागत, मग परिचय. परिचयात मला "अभियंता" केलं, मी मुकाट्यानं होऊन घेतलं. मग शाल, श्रीफळ. मग अध्यक्ष उठले. अध्यक्षांनी शेवटी बोलायचं असतं, पण यांना दुसऱ्या कार्यक्रमाला जायचं होतं म्हणून आधीच बोलले. पस्तीस मिनिटं. मी घड्याळाकडे बघत होतो आणि मनातल्या मनात एकेक पान गाळत होतो. सरदारांची भांडणं गेली. मठ गेला. शिबंदी गेली.

शेवटी माईक माझ्या हातात आला. मी अण्णांकडे बघूनच बोलत होतो. तट मातीचा कसा, कोपरे चांदणीसारखे का. अण्णा टक लावून बघत होते, मान डोलावत होते. मला बरं वाटलं. पण दारूच्या कोठारावर वीज पडून अर्धं गाव मेलं असं मी सांगितलं तेव्हाही ते हसतमुखानं मान डोलावत राहिले. मला ते झोंबलं. म्हटलं, हा माणूस मला ऐकत नाहीये, मला झेलतोय. लहानपणीही ते असेच हसायचे, माझं गणित चुकलं की.

मी सैन्य गाव सोडून गेलं इथपर्यंत आलो. आता आजोबा, फावडी, एकचाकी गाडा. इतक्यात चिटणिसांनी चिठ्ठी सरकवली. "फक्त १० मि. सीमा." मी ती बाजूला सारली. त्यांनी दुसरी सरकवली. मागं कुणीतरी खोकलं. शेवटच्या रांगेतून आवाज आला, "आपलं बी बोला की वाईच!"

आणि मी ढासळलो. आजही मला त्याचा राग येतो. त्या चिठ्ठीचा नाही, माझा. पंधरा मिनिटांचा कागद मी घडी करून खिशात घातला आणि बोलायला लागलो. काय बोललो? जे साठ वर्षं ऐकलं ते. अन्याय, अस्मिता, भाषा, आई. शब्द आपोआप येत होते, मला काही करावं लागत नव्हतं. त्या गावानं जसा तट राखला तसा आपणही राखू या, असंही म्हणालो. त्या गावानं तट पाडून बटाटे लावले होते हे मला माहीत होतं, तरी म्हणालो. टाळ्यांचा कडकडाट झाला. चिटणिसांनी माझा हात दाबला. पहिल्या रांगेत अण्णा टाळ्या वाजवत होते. शेजाऱ्यानं सुरू केल्यावर त्यांनी सुरू केल्या आणि शेजारी थांबल्यावर थांबवल्या, तेवढं माझ्या लक्षात आलं. पण तेव्हा मी त्याचा अर्थ लावला नाही.

बाहेर आलो तर अण्णा पायरीखाली छत्री टेकून उभे. लोक जात होते, कुणी माझ्या पाठीवर थाप मारून जात होतं. मी गेलो आणि विचारलं, "कसं झालं?"

"आँ?"

"भाषण कसं झालं म्हणतोय."

त्यांनी माझ्याजवळ तोंड आणलं आणि मोठ्यांदा म्हणाले, "मला ऐकू येत न्हाय रं आता. दोन वर्सं झाली. मशीन घेतलंय, पण त्यात नुसतं शिट्ट्या वाजतात. घरात ठेवलंय."

"मग येऊन बसता कशाला?" मी आवाज चढवून विचारलं.

"खुर्ची हाय न्हवं माझी," ते म्हणाले. "तुझं हाय म्हणून कळलं तर लवकर आलतो."

मला हसावं की डोकं आपटावं कळेना. एक तास मिळवायला मी काय काय केलं होतं! आणि ज्याच्यासाठी मिळवला त्यानं मी टाळलेलं तर नाहीच, बोललेलंही काही ऐकलं नव्हतं. रस्त्यावर गर्दी होती. समोर भाजीवाल्या आवरत होत्या, मोटारसायकली हॉर्न देत होत्या. मनात आलं, आता गप्प बसलास तर परत मरेपर्यंत गप्पच बसशील.

मी त्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि ओरडलो, "अण्णा, तिथं मराठी शाळा न्हवती!"

त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "काय?"

"विजापूरला! कॉलनीत! मराठी शाळाच न्हवती! म्हणून पोरीला कन्नड शाळेत घातली!" आता सगळा रस्ता बघत होता. व्याख्यानाला आलेली माणसं थांबली. ज्यांनी दहा मिनिटांपूर्वी माझ्या अस्मितेला टाळ्या वाजवल्या तीच माणसं. मला कशाचीच पर्वा राहिली नव्हती. "तुमच्याशी वैर म्हणून न्हाय घातली!"

अण्णांनी छत्री उचलून काखेत मारली. मग ऐकू न येणाऱ्या माणसाला आपला आवाज किती मोठा आहे हे कळत नाही, तसे सगळ्यांदेखत मोठ्यांदा म्हणाले, "ते मला ठाऊक हाय की रं! तवाच ठाऊक हुतं. मी काय खुळा हाय व्हय, विजापूरला मराठी शाळा असंल म्हणायला?"

"मग?" मी म्हणालो. ओरडायचं विसरलो होतो, पण त्यांनी ओठ बघितले असावेत.

"पोरीसाठी माडीवरची खोली रंगवून घेतलती मी," अण्णा म्हणाले. "तुझ्या वैनीनं बारकी खाट करून घेतली. जून गेला, जुलै गेला, आम्ही रोज टपालवाल्याची वाट बघायचो. न्हाय पाठवत म्हणून एक कार्ड तरी टाकायचं हुतंस रं."